किल्ल्यांतील ज्ञानसत्र

विद्या दिल्यानें वाढते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती मागावी कशी आणि द्यावी कशी, हा शिष्टाचार फार थोड्यांस साधतो. त्याचा एक उत्तम धडा अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याच्या इतिहासांत सांपडतो.

ता. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईंत काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्यांपैकीं कार्यकारिणीचे बारा सभासद या किल्ल्यांत बंदिवान झाले. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, महाराष्ट्राचे शंकरराव देव इत्यादि मंडळी त्यांत होती. आरंभीं वर्तमानपत्रें नाहींत, बाहेरचा माणूस नाहीं. बोलावें, भांडावें तें एकमेकांशींच. आणि भांडणास कारणेंही होतीं. ‘छोडो भारत’च्या ठरावापूर्वीं आझाद व नेहरू यांच्या मनांत शंका होत्या, वल्लभभाईंचा कल निराळा होता. अशा कोंडलेल्या जागीं एखाद्या कटु शब्दाचें विषही दीर्घकाळ टिकावें.

तरीही त्या तटाच्या आंत एक ज्ञानसत्र चाललें. संस्कृत, पाली, अरबी, फारसी या भाषांचे जाणते तेथें होते. मराठी, बंगाली, गुजराती, तेलुगु, सिंधी, उडिया अशा भाषा बोलणारे होते. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या अवधींत नेहरूंनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा सुमारें हजार हस्तलिखित पृष्ठांचा ग्रंथ येथेंच लिहिला. हिंदुस्थानच्या इतिहासाविषयींच्या त्यांच्या कल्पना सोबत्यांशीं झालेल्या चर्चांतून स्पष्ट होत गेल्या. हस्तलिखित कांहीं सोबत्यांनीं वाचलें, सूचना केल्या. त्या ध्यानीं घेऊन लेखकानें मजकुरांत भर घातली.

येथें मागणाऱ्याची रीत पाहण्यासारखी आहे. रिकाम्या हातानें प्रश्न न टाकतां त्यानें आधीं स्वतः परिश्रम केले आणि मग आपलें लेखन तपासावयास दिलें. देणाऱ्यांनीं सुचविलें; निर्णय लेखकाचा राहिला. १९४६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हां प्रस्तावनेंत आझाद, पंत, नरेंद्र देव व असफ अली यांचा नांवानिशीं कृतज्ञ उल्लेख आला, आणि लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी दुसऱ्या कोणावरही नाहीं, हेंही स्पष्ट झालें. आझादांच्या विद्वत्तेनें आनंद होई, पण कधीं कधीं दडपल्यासारखेंही वाटे, अशी प्रांजळ कबुली त्याच प्रस्तावनेंत आहे. नेहरूंसारख्या बहुश्रुतास असें वाटावें, तर नवख्याची अवस्था काय होत असेल!

संगणकाच्या प्रणाली सर्वांसाठीं मुक्त ठेवून परस्परांच्या अडचणी विनामूल्य सोडविणाऱ्या मंडळ्या आज जगभर आहेत. तेथेंही नवख्याचा प्रश्न हेटाळला, तर तो पुन्हां विचारावयास धजत नाहीं. आणि कांहींच न वाचतां विचारलेल्या प्रश्नांनीं जाणता कंटाळतो. जाणत्यानें आपल्या ज्ञानाचें ओझें समोरच्यावर टाकूं नये आणि घेणाऱ्यानें उपकार विसरूं नये, एवढें पथ्य सांभाळलें, तर बंदिशाळेचीही पाठशाळा होते.