मोटेपासून हापशापर्यंत

पैनगंगेच्या काठचा, सागवानी अरण्याचा किनवट तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेड जिल्ह्यात दाखल झाला, त्या काळी मराठवाड्यातील विहिरींचे पाणी मुख्यतः बैलांच्या बळावर आणि चामड्याच्या भरवशावर वर येत असे. मोटेचे, म्हणजे पाणी उपसण्याच्या चामडी पिशवीचे, कातडे शिवणे, त्यास ठिगळ लावणे हे बलुतेदारीतील चर्मकाराचे काम, व त्याचा मोबदला सुगीच्या खळ्यावर धान्यरूपाने मिळे.

पाणी अडविण्याचा चामड्याचा हा गुण पाश्चात्त्य यंत्रविद्येनेही हेरला होता. इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये जलदाबयंत्राचे पेटंट घेतले, परंतु दट्ट्याभोवतीच्या फटीतून पाणी निसटू लागले, तेव्हा त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉड्स्ले याने तेथे चामड्याचे लवचीक कडे बसविले असे सांगतात. ज्या दाबाने पाणी बाहेर पडू पाहते, तोच दाब या कड्याचा ओठ धातूवर अधिक घट्ट दाबतो, यातच या युक्तीचे मर्म आहे. पुढे जर्मनीतील फ्रॉयडेनबर्ग ही मूळची कातडी कमावणारी पेढी फिरत्या दांड्यांसाठी अशीच चामडी सीले घडवू लागली आणि १९३६ पासून चामड्याच्या जागी कृत्रिम रबर वापरू लागली.

मराठवाड्यात हेच तत्त्व हापशाच्या रूपाने गावोगाव पोहोचले. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे बोअर खोदण्यास वेग आला, आणि जालना व सोलापूर येथील मिशनऱ्यांच्या प्रयत्नांतून निघालेल्या पंपांच्या अनुभवावर ‘इंडिया मार्क दोन’ हा सरकारी हापसा उभा राहिला. त्याच्या पितळी अस्तराच्या नळकांड्यात दट्ट्यावर चामड्याचे वाटीसारखे वायसर असत. दट्ट्या चढताना वरील पाण्याच्या भाराने त्यांचे ओठ फाकून भिंतीस चिकटत. वाळूने ओठ झिजला की दांडा कितीही हापसला तरी पाणी येत नसे, आणि दुरुस्तीसाठी सगळे पाइप बोअरमधून उपसावे लागत. १९८० च्या दशकात कोइमतूर येथील चाचण्यांत नायट्राइल रबर अधिक टिकाऊ ठरले. याच हापशाच्या पुढच्या ‘मार्क तीन’ या रूपात पाइप न काढता दट्ट्या वर घेण्याची सोय झाली.

ही प्रगती निर्विवाद होय. परंतु मोट फाटली तर गावातील चर्मकार ती सांधी, आणि रबरी वायसरासाठी मात्र पंचायत समितीकडे दरखास्त पाठवावी लागे. टिकाऊपणा वाढला, त्याच वेळी दुरुस्तीचा अखत्यार गावाच्या हातून दप्तराच्या हाती गेला.