वेरूळ, रिद्धपूर आणि वाट पाहणारी रुक्मिणी

मंडळी, वेरूळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कैलास लेणं उभं राहतं. आज मात्र आपण इथून एका गाण्याकडे जाणार आहोत. तेराव्या शतकात, यादवांच्या काळात, चक्रधरस्वामींचा वेरूळला मुक्काम झाला होता. ‘लीळाचरित्रा’त त्याच्या आठवणी आहेत. पुढे स्वामी उत्तरेकडे निघून गेले आणि शिष्यमंडळी पोरकी झाली. ती विदर्भात रिद्धपूरला, स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्याकडे गेली. त्यांत महदाइसा होती.

एकदा गोविंदप्रभूंना लग्नाची लहर आली. लग्न म्हटल्यावर धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, हवीतच. महदाइसेने ती रचून गायली. या ‘धवळ्यां’मुळेच आपण तिला मराठीची आद्य कवयित्री मानतो. विषय रुक्मिणीस्वयंवराचा. घरच्यांनी लग्न शिशुपालाशी ठरवलेलं, कृष्णाला निरोप धाडलेला, आणि तो वेळेवर येईल ना, ही रुक्मिणीची तगमग!

आता गाणारी कोण, तेही पाहू. लहानपणीच वैधव्य आलेली, स्वामी दुरावलेली बाई. रुक्मिणीचा कृष्ण आला. महदाइसेचे स्वामी परतले नाहीत. रुक्मिणीची घालमेल तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, असं आम्हांला वाटतं. आणि ऐकणारेही तिच्यासारखेच, स्वामींना मुकलेले. म्हणून हे गाणं नुसतं लग्नाचं राहत नाही. ते त्या सगळ्यांचं एकत्र बसून वाट पाहणं होतं.