पास आहे का एखादा?

मंडळी, ऑक्टोबर संपत आला की माझ्या फोनवर एक ठरलेला मेसेज यायला लागतो. "पाच तारखेच्या आठवड्यात नाटकाचा पास आहे का रे एखादा?" पाठवणारे कोण? डॉक्टर, वकील, दोन बिल्डर, एक माजी नगरसेवक आणि आमच्याच गल्लीतले निम्मे लोक. यातल्या कुणालाही तिकीट परवडत नाही अशी परिस्थिती नाही. पण सांगलीकराला नाटक फुकट बघायची एक जुनी सवय आहे. किती जुनी, तर थेट १८४३ सालची. आज तेवढंच लिहायला बसलोय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी ओळख, नवीन लोकांसाठी. डिप्लोमा करून पेपरात चिकटलो तेव्हा मला पहिलं काम मिळालं ते 'आजचे कार्यक्रम' लिहायचं. सगळ्यात खालच्या पोराला देतात ते काम. कुठल्या देवळात कीर्तन, कुठल्या हॉलमध्ये व्याख्यान, नाट्यमंदिरात कुठलं नाटक, मिरजेत कुणाचं गाणं. चार ओळींची बातमी, वेळ आणि ठिकाण. ते लिहिता लिहिता मला आमच्या गावाचं वर्षाचं वेळापत्रक पाठ झालं. नवरात्रात मिरजेला अंबाबाईच्या देवळात संगीत. नोव्हेंबरात पाच तारीख, मग राज्य नाट्य स्पर्धेची गडबड. संक्रांतीला औदुंबरचं साहित्य संमेलन. मिरजेत दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या नावानं रात्रभर गाणं. एवढ्याशा शहराच्या मानानं हे कमी नाही, बरं का.

तर पाच नोव्हेंबर. १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं आणि म्हणून अख्खा महाराष्ट्र या दिवशी रंगभूमी दिन पाळतो. हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण त्या प्रयोगाचं बिल कुणी भरलं, हे शाळेत कुणी सांगत नाही.

झालं असं की कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली होती. यक्षगानाच्या वळणाचे खेळ. संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी ते बघितले आणि असं काहीतरी आपल्या भाषेत, जरा नेटकं, व्हायला पाहिजे असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी हे काम सांगितलं विष्णू अमृत भावे या तरुणाला. वडील संस्थानच्या नोकरीत. पोरगा हुशार, पण नोकरीपेक्षा कळसूत्री बाहुल्या करण्यात रमणारा. त्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांच्या हाती आल्या, त्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या, हे अनेकांना ठाऊक असेल.

भाव्यांचं नाटक म्हणजे आजच्यासारखं संवाद लिहिलेलं नाटक नव्हे. सूत्रधार कडेला उभा राहून पदं म्हणायचा, आधी गणपती यायचा, सरस्वती यायची, विदूषक फिरक्या घ्यायचा, आणि पात्रं आपापलं बोलणं आयत्या वेळी जमेल तसं बोलायची. राक्षस आरडाओरडा करत यायचे. म्हणून नंतरच्या शहाण्या लोकांनी या नाटकांना 'अललडुर्र' आणि 'तागडथोम' अशी नावं ठेवली. मला विचाराल तर ती नावंच फार गोड आहेत. बायकांची कामं अर्थातच पुरुष करायचे. चांगल्या घरच्या पोरांनी तोंडाला रंग लावायचा म्हणजे काय, अशी कुरकुर गावात झालीच. पण राजाच पाठीशी होता, त्यामुळे ती कुरकुर पुढे सरकली नाही.

आणि सगळा खर्च दरबारचा. कपडे, दागिने, मंडळींचं जेवणखाण, सगळं. बघणाऱ्यानं फक्त यायचं, बसायचं. मराठी नाटकाचा आपण मानतो तो पहिला प्रयोग हा असा होता, शंभर टक्के पासवर.

('आपण मानतो तो' असं मुद्दाम म्हणालो. तंजावरच्या भोसले राजांनी सतराव्या शतकाच्या शेवटापासून मराठीत नाटकं लिहिलेली आहेत. तंजावरचा माणूस भेटला की तो हा मुद्दा काढतो आणि त्याचं काही चुकत नाही. पण त्या नाटकांची परंपरा इकडे पोचली नाही. आपल्याकडचा धागा सांगलीपासून सुरू होतो. तिथंही राजाच होता, हे मात्र लक्षात ठेवा.)

१८५१ साली अप्पासाहेब गेले. नव्या कारभारात नाटकाला पैसा मिळेना. भाव्यांच्या डोक्यावर मंडळींचा भार आणि झालेला खर्च. आठ वर्षं राजाच्या जिवावर चाललेलं नाटक एका दिवसात पोरकं झालं. इथं सांगलीतली मंडळी पुढं आली आणि त्यांनी वर्गणी काढून नाटक जगवलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण तसं काही झालेलं नाही. भाव्यांना बोचकी बांधून गाव सोडावं लागलं. गावोगाव फिरत, पुण्याकडून मुंबईपर्यंत.

१८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. मला विचाराल तर आमच्या गावाच्या इतिहासातली खरी मोठी घटना हीच आहे, फक्त ती गावाबाहेर घडली. कारण ज्या दिवशी अनोळखी माणसानं खिशातून पैसे काढून मराठी नाटकाचं तिकीट घेतलं, त्या दिवसापासून नाटक राजाच्या मर्जीवर राहिलं नाही. त्याच वर्षी त्याच थिएटरात पारशी मंडळींची नाटकं सुरू झाली आणि पुढे त्यातून केवढा मोठा धंदा उभा राहिला ते आपल्याला माहीत आहे. भाव्यांचं बघून गावोगाव नाटक मंडळ्या निघाल्या. त्यांचे गाडे तिकिटावर चालले.

आता याच काळातली दुसरी गोष्ट. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. भट-जोश्यानं एका गरीब कुणबी नवराबायकोला कसं लुबाडलं, याचं नाटक. ते त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं, कमिटीनं ते नाकारलं. स्वतः फुल्यांनी 'गुलामगिरी'त हे सांगून ठेवलंय. त्याला ना राजा मिळाला, ना कमिटी. देवादिकांच्या नाटकाला दरबार मिळतो आणि कुणब्याच्या नाटकाला पैसा मिळत नाही. म्हणून कोण पैसे देतंय हा प्रश्न मला हिशेबापुरता वाटत नाही. पैसे देणारा एकच असला की काय दाखवायचं तेही तोच ठरवतो. रंगभूमी दिनाच्या भाषणांत फुल्यांचं नाव मी फार कमी वेळा ऐकलंय. असो.

आपल्या गावानं पुढं माणसं कमी दिली नाहीत. हरिपूरचे देवल, त्यांचं 'शारदा' १८९९ चं. म्हाताऱ्याच्या गळ्यात पोरगी बांधण्याच्या चालीवर भर थिएटरात बोट ठेवणारं. सांगलीचे खाडिलकर, त्यांच्या 'कीचकवधा'त लोकांना कर्झन दिसला आणि सरकारनं १९१० साली नाटकावर बंदी घातली. ही दोन्ही नाटकं तिकिटावर चालली, हे मी पुन्हा सांगत बसत नाही. नागठाण्यात जन्मलेले बालगंधर्व तर सगळ्यांनाच माहीत आहेत. भाव्यांच्या नावाच्या गौरव पदकाचे पहिले मानकरीही तेच.

पण तिकीट म्हणजे सुखाचा मामला असंही नाही. याचं उदाहरण आपल्याच गावात घडलं. बोलपट आला, १९३२ ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळला. मास्टर दीनानाथांनी आपली नाटक कंपनी बाजूला ठेवून इथं सांगलीत बलवंत पिक्चर्स काढली. १९३४ चा 'कृष्णार्जुन युद्ध' हा त्यांचा चित्रपट. गणित बसलं नाही, कर्ज झालं. ज्यांच्या गाण्यासाठी लोक बैलगाड्या जुंपून यायचे त्या माणसाला शेवटी सांगली सोडावी लागली. लता मंगेशकरांचं लहानपण इथं गेलं, असं आपण अभिमानानं सांगतो. ते इथून का गेले, हे सांगताना आवाज जरा खाली येतो.

भावे गेले ते १८५१ नंतर, दीनानाथ गेले ते तिसाच्या दशकात. मधल्या ऐंशी वर्षांत गाव बदललं, राजे बदलले, नाटकाचा सिनेमा झाला. कलावंतानं गाव सोडायचं कारण तेच राहिलं.

१९४३ ला शताब्दी मात्र आपण थाटात केली, सावरकर अध्यक्ष होते. मार्च २०२० मध्ये शंभरावं नाट्य संमेलन सांगलीतून सुरू व्हायचं होतं, ते करोनात अडकलं आणि मुख्य सोहळा जानेवारी २०२४ ला पिंपरी-चिंचवडला झाला. तेव्हा गावात किती हळहळ! चहाच्या टपरीवरसुद्धा लोक 'आमचा मान गेला' म्हणत होते. त्यातल्या किती जणांनी त्या वर्षात एक तरी नाटक तिकीट काढून बघितलं होतं, देव जाणे.

आता मिरजेचं काय, असं कुणीतरी कमेंटमध्ये विचारणार. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथं कुठं तिकीट असतं? नसतं, आणि नसावंच. तिथं मोठमोठे कलाकार हजेरी लावायला येतात, ती त्यांची सेवा आहे. फुकट काय द्यायचं ते गाणाऱ्यानं ठरवलंय. आपण सतरंजीवर बसायचं आणि गप्प ऐकायचं. त्याच्याशी पासाची तुलना करू नका. पास मागताना आपण दुसऱ्याच्या खिशातलं ठरवत असतो.

हे सगळं आत्ताच का आठवलं, ते सांगतो. आणि यात गुन्हेगार मीच आहे.

गेल्या वर्षी इथल्या एका हौशी ग्रुपनं दोन अंकी नाटक केलं. ग्रुपचं आणि पोरांचं नाव लिहीत नाही, त्यांना अवघडल्यासारखं होईल. दिग्दर्शक पोरगा कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट करतो, रात्री तालीम घेतो. हॉलचं भाडं, लाइट, साउंड, नेपथ्याचा टेम्पो, सगळं पदरचं आणि थोडं उसनं. प्रयोगाला हॉल जवळजवळ भरला होता. मी पुढच्या रांगेत, पासवर, अर्थातच. दुसऱ्या दिवशी 'प्रेक्षकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' अशी बातमीही टाकली.

आठ दिवसांनी तो पोरगा भेटला. मी म्हटलं, "गर्दी जोरात होती की!" तर तो हसला. म्हणाला, "दादा, तिकिटं एक्केचाळीस गेली. बाकी सगळे आपलेच." मग हळूच म्हणाला, "तुम्ही घरचे चौघं होता ना, त्यामुळे बरं वाटलं." त्यानं टोमणा मारला नव्हता, मनापासून बोलला होता. म्हणूनच जास्त लागलं. आम्ही चौघं आणि चार पास. नाटक सुटल्यावर आम्ही बाहेर जेवलो, त्या बिलात चार तिकिटं दोनदा आली असती. उसने घेतलेले पैसे फेडायला त्याला मार्च उजाडला, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

वीस वर्षं मी पेपरात 'आजचे कार्यक्रम' लिहितोय. त्यात वेळ लिहिली, ठिकाण लिहिलं, प्रमुख पाहुणे लिहिले. तिकिटाचा दर लिहायचा मात्र बहुतेक वेळा राहून गेला. जागा नसते म्हणून कापायचो. पाहुण्यांची नावं कधी कापली नाहीत.

या वर्षी त्या पोरांनी राज्य नाट्य स्पर्धेत नाव दिलंय. स्पर्धेचं तिकीट असतं किती? चहा आणि वडापाव खाल्ला तर त्याहून जास्त होतात. तरी त्यालाही पास मागणारे आहेत, मी नावं सांगू शकतो पण घरी राहायचंय मला.

परवा तालमीला गेलो होतो. एका शाळेचा रिकामा वर्ग, बाक भिंतीला लावलेले, एक ट्यूबलाइट उघडझाप करणारी. गोष्ट इथलीच आहे, २०१९ च्या पुरातली. घरात पाणी शिरल्यावर माळ्यावर चढून बसलेले सासू आणि सून. जास्त सांगत नाही, पण दुसऱ्या अंकात मला आमच्या गल्लीतला तो ऑगस्ट जसाच्या तसा आठवला. असलं नाटक मुंबईहून कुणी आणून देणार नाही, एवढं मात्र खात्रीनं सांगतो.

निघताना तो म्हणाला, "दादा, चार पास ठेवू ना?"

मी नको म्हटलं. तर त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं मी येणार नाही.

पाच तारखेला सकाळी भाव्यांच्या पुतळ्याला हार घालायला मी असेनच, तिथं भेटू. स्पर्धेच्या तारखा आणि वेळा जाहीर झाल्या की इथंच टाकतो, या वेळी दरासकट. खिडकी प्रयोगाच्या आधी उघडते. सुट्टे पैसे घेऊन या, त्या खिडकीवरच्या काकांकडे कधीच नसतात.