वाफेची कुळकथा

केंब्रिज म्हटलं की डोळ्यांपुढे इंग्लंडातलं विद्यापीठ येतं. कॅनडातलं केंब्रिज मात्र कारखानदारांचं. १९७३ साली गाल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर एकत्र करून हे शहर झालं. गाल्टमध्ये १८४४ साली डम्फ्रीज फाउंड्री निघाली. पुढे गोल्डी आणि मॅक्युलक या जोडीनं ती घेतली आणि तिथून वाफेची इंजिनं आणि बॉयलर बाहेर पडू लागले. त्याच कुळातला कारखाना आज अणुवीज केंद्रांसाठी स्टीम जनरेटर बनवतो. हजारो बारीक नळ्यांतून अणुभट्टीत तापलेलं जड पाणी फिरतं आणि नळ्यांबाहेरच्या साध्या पाण्याची वाफ होते.

फाउंड्री निघाली तेव्हा ही वाफ दट्ट्या का ढकलते, याबद्दल शास्त्रज्ञांचंच एकमत नव्हतं. उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, असं बरेच जण मानत. वायूचा दाब म्हणजे कणांच्या धडका, असं डॅनियल बर्नुलीनं १७३८ सालीच लिहून ठेवलं होतं, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

त्याचं पूर्ण गणित १८४५ मध्ये मांडलं गेलं, तेही आपल्या मुंबईत. जॉन जेम्स वॉटरस्टन हा एडिनबराचा माणूस १८३९ पासून मुंबईत कंपनी सरकारच्या आरमारी उमेदवारांना शिकवत होता. नोकरी सांभाळून त्यानं वायूंवर निबंध लिहिला. वायूचे कण त्यानं उन्हाच्या तिरिपेतल्या चिलटांच्या थव्यासारखे कल्पिले. तापमान सारखं असेल तर हलके कण वेगानं धावतात, जड कण सावकाश, आणि कणाचं वजन गुणिले वेगाचा वर्ग ही रक्कम दोघांची सरासरीनं सारखीच भरते. निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला. परीक्षकानं तो निव्वळ मूर्खपणा ठरवला. सारांश तेवढा छापला, मूळ हस्तलिखित दप्तरात पडून राहिलं. वॉटरस्टनकडे त्याची नक्कलही नव्हती!

शाळेत आपण घोकतो ते घन-द्रव-वायूचं वर्णन प्रामुख्यानं रुडॉल्फ क्लॉसियसच्या १८५७ मधल्या निबंधातलं. घनात कण जागच्या जागी थरथरतात. द्रवात त्यांना ठरलेली जागा नसते, पण शेजाऱ्यांची ओढ सुटत नाही. वायूत ती ओढ जवळपास संपते आणि धडक बसेपर्यंत कण सरळ रेषेत पळतात. द्रवातले काही कण सरासरीपेक्षा वेगवान असतात, ते पृष्ठभागावरून निसटतात. म्हणून तर पाणी न उकळताही वाळतं. १०० अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेचे कण सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास वेगानं धावत असतात. बॉयलरच्या भिंतीला सोसावा लागतो तो त्यांचाच मारा.

वॉटरस्टन १८८३ साली एडिनबरात घरातून फिरायला बाहेर पडला तो परतलाच नाही. पुढे लॉर्ड रॅले यांनी दप्तरातून ते हस्तलिखित शोधून काढलं आणि १८९२ मध्ये छापलं. सोबतच्या प्रस्तावनेत त्यांनी होतकरू लेखकांना सल्ला दिला, की आधी लहानसहान कामावर नाव कमवावं, मग मोठी झेप घ्यावी. वॉटरस्टनला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.