आल्माग्रोची चिली-स्वारी : मिठाचीं मैदानें, वाटा आणि साधनें

दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया देशांत उयुनी नांवाचें मिठाचें प्रचंड मैदान आहे. त्याचें क्षेत्र दहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक असून तें समुद्रसपाटीपासून सुमारें ३६५० मीटर उंचीवर आहे. तेथून निघून, पठारावरील खारीं सरोवरें व ज्वालामुखी पर्वत पाहत, चिली देशांतील सान पेद्रो दे आताकामा या गांवीं उतरण्याचा प्रवासी टोळ्यांचा हल्लीं परिपाठ आहे. मोटारीनें या प्रवासास तीनएक दिवस लागतात. याच मुलखाच्या दोहों अंगांनीं इ. स. १५३५ ते १५३७ या सालांत एक फार मोठा तांडा गेला आणि परत आला. दिएगो दे आल्माग्रो याची चिलीवरील स्वारी ती हीच. जातांना हा तांडा उयुनीच्या पूर्वेकडून गेला व येतांना आताकामाच्या मिठाच्या मैदानाजवळून आला. जातांना माणसें हजारोंनीं मेलीं; परततांना पृथ्वीवरील अत्यंत कोरड्या वाळवंटांतून जावें लागूनही स्पॅनिश लोक बहुतेक सुखरूप पोहोंचले. असें कां झालें, व याविषयीं जीं साधनें आहेत त्यांची किंमत काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

प्रथम हकीकत थोडक्यांत देतों. आल्माग्रो हा पेरू जिंकणाऱ्या पिझारोचा भागीदार. ता. ३ जुलै १५३५ रोजीं त्यानें कुस्को सोडलें. मागाहून येऊन मिळालेले धरून त्याजबरोबर सुमारें पांचशें स्पॅनिश लोक होते. ओझीं वाहणारे तद्देशीय लोक कित्येक हजार होते. इंका राजा मांको यानें आपला भाऊ पाउल्लु व मुख्य पुरोहित विल्याक उमू यांस बरोबर दिलें होतें. पठारावरील पारिया, पोओपो या खाऱ्या सरोवराचा प्रदेश, पुढें तुपिसा, मग आजच्या आर्जेंटिनाचा वायव्य भाग, आणि तेथून आंदीज ओलांडून कोपियापो, अशी ही वाट होती. विल्याक उमू वाटेंतूनच निसटून परत गेला व पुढें १५३६ च्या इंका उठावांत सामील झाला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. ही वाट स्पॅनिशांनीं शोधून काढिली नाहीं. इंकांचा बांधीव रस्ता पूर्वींच होता, व त्यावर ठिकठिकाणीं 'तांबो' म्हणजे मुक्कामाचीं घरें व धान्याचीं कोठारें होतीं. बखरकार अज्ञात प्रदेशांत शिरल्याच्या थाटानें लिहितात. परंतु वाटाडे, हमाल व कोठारें हीं सर्व इंका राज्याचींच होतीं.

आतां साधनांकडे वळूं. ओविएदो हा राजाचा इतिहासकार सांतो दोमिंगो बेटांत राहून लिहीत होता. स्वारीबरोबर तो नव्हता. परंतु त्याचा मुलगा स्वारींत होता, व परततांना आरेकिपाच्या बाजूस एका नदींत तो बुडून मेला. यामुळें परत आलेल्यांकडून हकीकती मिळविण्याची ओविएदोस विशेष कळकळ होती. त्याचा समग्र ग्रंथ माद्रिद येथें १८५१ ते १८५५ या सालांत प्रथम छापून झाला. दुसरें साधन एका पाद्र्याची कैफियत. ती दीर्घकाल क्रिस्तोबाल दे मोलिना याच्या नांवावर होती. पेरूचे संशोधक राउल पोर्रास बार्रेनेचेआ यांनीं ती बार्तोलोमे दे सेगोव्हिया याची ठरविली. कर्ता कोणीही असो, या लेखांत स्वकीयांच्या क्रौर्याची जेवढी स्पष्ट कबुली आहे, तेवढी इतर ठिकाणीं क्वचितच आढळते. तिसरें साधन गार्सिलासो दे ला व्हेगा याचा ग्रंथ. त्याचा संबंधित भाग १६१७ सालीं, म्हणजे प्रसंगानंतर ऐशीं वर्षांनीं, छापला गेला. पंधरा हजार हमालांपैकीं दहा हजार मेले, हा सर्वत्र उतरून घेतलेला आंकडा त्याचा आहे. चौथें साधन मारिन्यो दे लोबेरा या शिपायाचा वृत्तांत. पण त्याचें मूळ लिखाण उपलब्ध नाहीं, एस्कोबार या जेझुइट पाद्र्यानें पुनः लिहिलेला पाठच काय तो हातीं आहे.

बखर आणि समकालीन पत्र यांच्या प्रामाण्यांतील भेद महाराष्ट्रांतील अभ्यासकांस सांगावयास नको. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याच्या पहिल्या खंडांत पानिपतासंबंधीं हाच वाद उभा केला होता. गार्सिलासोच्या आंकड्यास आम्ही बखरीच्या आंकड्याहून अधिक मान देत नाहीं. परंतु आंकडा फुगलेला असला तरी अनर्थ खोटा ठरत नाहीं. भिन्न पक्षांचे व भिन्न काळचे लेखक त्याविषयीं एकमुखानें बोलतात.

अनर्थ घडला तो आंदीजच्या खिंडींत. बहुतेक अभ्यासकांच्या मतें ती सान फ्रान्सिस्को खिंड होय. तिची उंची ४७०० मीटरांहून अधिक आहे. काळ १५३६ च्या मार्च-एप्रिलच्या सुमाराचा, म्हणजे त्या गोलार्धांतील हिंवाळ्याच्या तोंडचा. अन्न संपलेलें, वस्त्रें तुटपुंजीं. आल्माग्रो थोडे स्वार घेऊन पुढें कोपियापोच्या खोऱ्यांत उतरला व तेथून त्यानें मागच्यांसाठीं धान्य पाठविलें. मागाहून आलेल्या टोळ्यांस गोठून राहिलेले घोडे जसेच्या तसे सांपडले व त्यांचें मांस त्यांनीं खाल्लें, असें बखरकार लिहितात. बहुतेकांनीं सर्व दोष थंडीवर ठेविला आहे. पाद्र्याची कैफियत मात्र निराळें सांगते. हमाल सांखळ्यांनीं जखडलेले असत. दिवसभर ओझें वाहून रात्रीं त्यांस पोटभर खावयास मिळत नसे. वाटेंत व्यालेल्या घोड्यांचीं शिंगरें पालख्यांत घालून माणसांच्या खांद्यांवरून नेलीं जात. उपाशी, उघडा व जखडलेला मनुष्य त्या उंचीवर गारठून मेला, तर त्या मरणाचें कारण नुसती थंडी म्हणतां येत नाहीं.

परतीची वाट पाहिली म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. चिलींत सोनें न मिळाल्यामुळें आल्माग्रोनें परतण्याचें ठरविलें, आणि खिंड टाळून कोपियापोहून उत्तरेस आताकामाच्या निर्जन प्रदेशांतून जाणें पत्करिलें. या वाटेवर पाण्याचे लहान लहान झरे आहेत. एका वेळीं थोडींच माणसें व जनावरें त्यांवर तृप्त होतात, व उपसलेला झरा भरावयास वेळ लागतो. म्हणून पुढें माणसें पाठवून झरे साफ करविले व लोकांस लहान टोळ्यांनीं, मध्यें अंतर ठेवून सोडिलें. १५३७ च्या आरंभीं ते आरेकिपास पोहोंचले. मात्र त्याच पाद्र्याच्या कैफियतीवरून दिसतें कीं, चिलींतील लोकांस सांखळ्या घालून याही वाटेनें आणिलें, व त्यांतले पुष्कळ वाळवंटांत मेले. म्हणजे कसें जावें हें समजलें होतें. पण ती काळजी ज्यांची गणना होत होती त्यांच्यापुरतीच होती.

या अनुमानास तीन वर्षांनंतरची साक्ष मिळते. १५४० सालीं पेद्रो दे वाल्दिव्हिया याच वाळवंटांतून चिलीकडे गेला. त्याचा वृत्तांत जेरोनिमो दे बिबार यानें १५५८ सालीं लिहून संपविला. हें हस्तलिखित शतकानुशतकें अज्ञातवासांत होतें. तें शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाच्या संग्रहीं आलें आणि १९६६ सालीं प्रसिद्ध झालें. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं हें उदाहरण अवश्य लक्षांत ठेवावें. बिबारही लहान टोळ्या व झऱ्यांची बेताची शक्ति यांचेंच वर्णन करितो. एका ओढ्याविषयीं तो लिहितो कीं, दिवसा बर्फ वितळून त्यास पाणी येतें व रात्रीं थंडीनें तें बंद होतें. म्हणून तेथील लोक त्यास 'आंचायुया', म्हणजे 'फार खोटारडा', म्हणतात. केचुआ भाषेंत 'आंचा' म्हणजे फार व 'युया' म्हणजे खोटें, हें जमतें. त्या ओढ्यावर कोणत्या प्रहरीं पोहोंचावें हें ज्यास ठाऊक, तोच वांचणार. असें ज्ञान कोणा सरदाराचें नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या लामांचे तांडे हांकणाऱ्यांचें तें होय.

मग या लोकांची स्वतःची साक्ष कोठें आहे? त्यांस लिपि नव्हती. पण हिशेब होता. दोरांस गांठी मारून केलेल्या 'किपू' या साधनावर माणसें व धान्य यांची मोजदाद ठेवीत. १५६१ सालीं हाउहा खोऱ्यांतील वांका सरदारांनीं लिमाच्या न्यायसभेपुढें आपल्या किपूंवरून पिझारोच्या काळापासून स्पॅनिशांस काय काय दिलें तें सांगितलें. त्यांत दिलेलीं माणसेंही मोजलेलीं होतीं. खांद्यावर ओझें वाहणाऱ्याच्या बाजूचा दस्तऐवज कसा असतो याचा हा उत्तम नमुना होय.

दुसरी साक्ष खुद्द रस्त्याची. आताकामाच्या निर्जन प्रदेशांतून, पुंता नेग्रा या मिठाच्या मैदानाजवळून, इंका रस्ता गेलेला आहे. हान्स नीमायर व मारियो रिव्हेरा यांनीं त्याची पाहणी करून ती १९८३ सालीं प्रसिद्ध केली. २०१४ सालीं या रस्त्याच्या जाळ्यांतील निवडक भाग जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले. त्या कोरड्या हवेंत पांच शतकांपूर्वींची पायवाट दिसते; पण त्याच कारणानें एका मोटारीच्या चाकाची खूणही तेथें वर्षानुवर्षें राहते. २००९ पासून कांहीं वर्षें डाकार नांवाची मोटारींची शर्यत या भागांतून गेली, तेव्हां पुरातन स्थळांची नासधूस झाल्याची नोंद चिलीच्या स्मारक-मंडळानें केली आहे.

एकंदरींत आमचें मत असें. आल्माग्रोच्या स्वारींतील मरणें मिठाच्या व बर्फाच्या मुलखाच्या माथीं मारणें योग्य नाहीं. तो मुलूख ओलांडण्याची रीत ठरलेली होती, ती जाणणारीं माणसें बरोबर होतीं, आणि त्यांसच सांखळ्या घातल्या होत्या. बखरींनीं त्यांचीं नांवें ठेविलीं नाहींत. झऱ्यापासून झऱ्यापर्यंत गेलेला रस्ता ही त्यांच्याकडची मुख्य शिल्लक आहे. दफ्तरांतील जीर्ण कागदास आपण जपतों, त्याच काळजीनें तो जपला गेला पाहिजे.