टॉर्चमागची केबल

रसेल मेरेडिथ हे नाव आमच्या वेल्डिंगच्या धंद्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. कॅलिफोर्नियात हॉथॉर्नला नॉर्थ्रॉपचा विमानांचा कारखाना होता, तिथला हा इंजिनिअर. जॅक नॉर्थ्रॉपला मॅग्नेशियमचं विमान बांधायचं होतं. पण तापलेलं मॅग्नेशियम उघड्या हवेत पेट घेतं. मेरेडिथने टंगस्टनच्या कांडीभोवती हीलियम सोडला आणि त्या आडोशात आर्क धरला. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्याच्या टॉर्चला पेटंट मिळालं, आणि १९४३ च्या सप्टेंबरात एक्सपी-५६ हे मॅग्नेशियमचं विमान उडालं. पुढे लिंडे कंपनीने हे तंत्र ‘हेलिआर्क’ नावाने बाजारात आणलं. हीलियमची जागा बहुतेक ठिकाणी आर्गॉनने घेतली.

हा इतिहास सांगणारे टंगस्टनपाशी थांबतात. भोसरीत दुरुस्तीच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. मला त्याच्या मागची नळी तितकीच थोर वाटते. साध्या आर्क वेल्डिंगला तांब्याची एक जाड केबल पुरते. इथे टॉर्चला वीजही हवी, गॅसही हवा, आणि कारागिराचं मनगट मोकळं राहायला हवं. म्हणून तांब्याच्या तारा गॅसच्याच नळीतून नेल्या. करंट वाढला तशी टॉर्च हातात धरवेना, तेव्हा पाणी आलं. पाण्याच्या टॉर्चला नळ्या तीन: एकीतून गॅस, दुसरीतून गार पाणी, आणि तिसरीतून टॉर्च थंड करून परतणारं पाणी. वीज नेणारं तांबं याच तिसरीत असतं. सतत पाण्यात राहिल्यामुळे ते बारीक असलं तरी चालतं, केबल हलकी होते. फार सुंदर युक्ती आहे ही! मात्र पाणी थांबलं की तेच बारीक तांबं बघता बघता नळी जाळतं.

आजची दुखणी या रचनेतूनच येतात. मुठीजवळ केबल रोज वाकते, आतल्या तारा एकेक करून तुटतात आणि तेवढाच भाग हाताला गरम लागतो. ॲल्युमिनियमसाठी हाय फ्रिक्वेन्सी लावली की ती नळीतली कमजोर जागा हुडकते, तिथून लोखंडी टेबलावर ठिणगी मारते आणि सुईएवढं भोक पाडते. मग टंगस्टन काळं पडतं, वेल्डमध्ये पिनहोल येतात, आणि लोक सिलिंडर बदलत बसतात. माझा सल्ला असा, की आधी साबणाचं पाणी लावून सगळे जोड आणि नळी बघा, मग मशीन उघडा.

कूलरमध्ये बोअरचं पाणी घालू नका, त्याचा क्षार त्या अरुंद नळीत साचतो. डिस्टिल्ड वॉटर किंवा टॉर्चसाठीचंच कूलंट वापरा. आणि काम सुटल्यावर केबल मोठं वेटोळं करून टांगा, जमिनीवर पायाखाली टाकू नका.