साणे आणि पंखा

लातूर-नांदेडकडील जुन्या माळवदाच्या घराला छतात एक भोक ठेवलेले असे. त्यास साणे म्हणत. दारातून हवा आत येई आणि तापलेली हवा, चुलीच्या धुरासह, साण्यातून वर निघून जाई. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे यांखाली हजारो माणसे गाडली गेली. पुनर्वसनात सिमेंट-काँक्रीटची घरे आली. साणे मागे राहिले.

त्याच 1993 साली इंटेलचा पेंटियम बाजारात आला, आणि प्रोसेसरवर पंखा बसवणे हळूहळू रूढ झाले. संगणकाच्या पेटीतही नियम माळवदाचाच आहे: गार हवा पुढून, खालून आत, तापलेली मागून, वरून बाहेर. सगळेच पंखे आत फुंकू लागले तर प्रवाह अडखळतो आणि उष्णता कोंडते. शिवाय पंखा गारवा निर्माण करीत नाही, केवळ उष्णता वाहून नेतो. खोलीत 42 अंश असतील तर नुसत्या पंख्याने प्रोसेसर त्याखाली उतरणार नाही.

माळवद परत यावे असे कोणी म्हणणार नाही. त्याने माणसे घेतली आहेत. परंतु त्या ढिगाऱ्यात हवेला बाहेरची वाट ठेवण्याचे शहाणपणही गाडले गेले. मे महिन्यात स्लॅबखाली संगणकाचा पंखा घरघरू लागला, की ते आठवते.